भाकरीचा तास

गृहशास्त्राच्या वहीत भाकरीचे एक पान हमखास असते. वर लाल शाईने घातलेला मथळा, त्याखाली 'साहित्य', 'कृती' आणि 'टीप' अशी तीन कलमे. बाई सांगतात आणि मुली लिहून घेतात: पाण्याला आधण आणावे, ते पिठात घालून पीठ मळावे, गोळा परातीत थापावा, तव्यावर टाकून दोन्ही बाजूंनी भाजावा. हे लिहून घेणाऱ्या मुलींपैकी कित्येकजणी त्याच दिवशी सकाळी घरच्या पाचसहा माणसांच्या भाकऱ्या थापून, हात धुऊन, वेणी घालून शाळेत आलेल्या असतात. बेळगाव तालुक्यातील खेडी घ्या, खानापूरकडचा पट्टा घ्या की निपाणीच्या भोवतालच्या वस्त्या घ्या, कष्टकऱ्यांच्या घरांत बारातेरा वर्षांच्या मुलीने चूल सांभाळणे ही काही नवलाची गोष्ट नाही. तिला जे येते ते तिच्याकडून पुन्हा लिहून घ्यावयाचे, आणि त्याच कामात तिला जे प्रश्न पडतात त्यांविषयी अवाक्षर काढावयाचे नाही, अशी ही आमची गृहशास्त्र शिकवण्याची रीत!

मुलाला केंद्रस्थानी ठेवून शिकवणे, विद्यार्थिकेंद्रित अध्यापन, हे शब्द शिक्षणाच्या जगात आता इतके गुळगुळीत झाले आहेत, की त्यांचा उच्चार होताच ऐकणाऱ्याचे डोळे मिटू लागतात. परंतु गृहशास्त्राच्या तासाला हे शब्द लावून पाहिले, की त्यांना एकदम धार येते. इतिहासाच्या किंवा बीजगणिताच्या तासाला मूल रिकाम्या हातांनी येते असे म्हणता येईल. गृहशास्त्राच्या तासाला ते भरल्या हातांनी येते. त्या हातांत काय आहे हे पाहण्याची तसदी शाळा घेते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

हा विषय आपल्याकडे कसा आला ते थोडक्यात सांगितले पाहिजे. महर्षी कर्वे यांनी १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये हिंगण्यास ते विद्यापीठ सुरू झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती आणि तिचा परिणाम त्यांच्या योजनेवर झाला, हे सर्वश्रुत आहे. शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि अभ्यासक्रमात घर व आरोग्य यांच्या शास्त्राला मानाचे स्थान असावे, ही त्या योजनेची दोन अंगे होती. कर्व्यांच्या काळी मुलीला शाळेत पाठवण्यासाठी घरच्यांचे मन वळवावे लागे. 'शिकून ती संसार अधिक चांगला करील' हे आश्वासन त्या वेळी उपयोगी पडले. मात्र पुढे त्या आश्वासनाचीच बेडी झाली. गृहशास्त्र हा मुलींचा विषय ठरला आणि त्यातही तो 'हलका' विषय ठरला.

पुढे स्वातंत्र्योत्तर काळात हंसाबेन मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे नसावेत असा कौल दिला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात गृहशास्त्राची सोय असावी, पण ते मुलींवर सक्तीचे असू नये, असे स्वच्छ म्हटले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच मुलखातले. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत १९०७ मध्ये जन्मलेल्या या माणसाने तरुणपणी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या कानडी खेड्यात ग्रामसुधारणेचे काम केले, आणि पुढे १९४७ मध्ये गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारण्यात पुढाकार घेतला. सीमेच्या दोन्ही अंगांचे खेडे त्यांनी जवळून पाहिले होते. घरकामाला आणि हातकामाला शिक्षणात स्थान द्यायचे तर ते दोघांनाही द्यावे, मुलालाही आणि मुलीलाही, हा विचार म्हणजे दिल्लीतील कागदी कल्पना नव्हती. परंतु अहवाल कपाटात गेले आणि विषय होता तेथेच राहिला. ज्या जपानकडून कर्व्यांनी स्फूर्ती घेतली त्या जपानात मात्र महायुद्धानंतर, १९४७ पासून, प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत मुलगे व मुली एकत्र बसून गृहशास्त्र शिकू लागले. १९९३ आणि १९९४ पासून तेथील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतही तो दोघांचा समान विषय झाला. आम्ही मात्र जपानचे ते १९१५ चे पान तसेच धरून बसलो.

असो. आपल्याला भाकरीकडे परत गेले पाहिजे, कारण या विषयाची सारी खुबी तेथेच आहे.

अशी कल्पना करा, की बाईंनी वर्गात आल्यावर कृती सांगितलीच नाही. त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: भाकरी चिरते का? आणि वह्या मिटून ठेवायला सांगितल्या. सीमाभागातील कोणत्याही आठवीच्या वर्गात मग काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

"बाई, पीठ जुनं झालं की चिरत्या."

"पिठाची विरी गेली की चिरत्या, आमची आज्जी म्हणते."

"पाणी गार घातलं तर चिरत्या की! आधणच घालाय लागतंय."

"मग गव्हाच्या कणकेला का आधण लागत नाही, गं?" बाई विचारतात, आणि वर्ग गप्प होतो.

ही जी शांतता पसरते तीच खरी शिकवण्याची वेळ. गव्हात असलेला चिकट, लवचिक प्रथिनांचा धागा ज्वारीत नसतो. म्हणून कणीक गार पाण्यातही एकमेकींस धरून राहते, आणि ज्वारीच्या पिठाला मात्र कढत पाणी लागते. त्या उष्णतेने पिठातील पिष्टमय कण फुगतात, चिकट होतात आणि तोच चिकटपणा धाग्याचे काम करतो. आजी ज्याला 'विरी' म्हणते ती हीच. पीठ शिळे झाले की ती उणावते, म्हणून ज्वारी महिन्याची एकदम दळून ठेवू नये, थोडी थोडी दळावी, ही घरातील रूढ समजूत किती शास्त्रशुद्ध आहे हे मुलीला त्या क्षणी उमगते. मग ओघानेच पुढचे प्रश्न येतात. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाण्याचा हात का फिरवतात? पापुद्रा सुटतो म्हणजे आत नेमके काय होते? नाचणीची भाकरी काळी म्हणून लाजायचे का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना बाईंनी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता पुढे ठेवावा: शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे एकशेवीस. नाचणीची आंबील पिऊन शाळेत आलेल्या मुलीचे तोंड ते आकडे पाहून कसे उजळेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यात पुस्तकाला रजा दिलेली नाही, हे लक्षात घ्यावे. पुस्तक आहेच, परंतु ते प्रश्नाच्या मागून येते. अमेरिकेत जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागोस जी प्रयोगशाळा काढली तीत मुलगे आणि मुली स्वयंपाक, विणकाम व सुतारकाम बरोबरीने करीत आणि अंडे शिजताना काय घडते येथपासून रसायनशास्त्राला हात घालीत. ते वाचून आम्हांला मौज वाटते ती अशी, की शिकागोच्या मुलांसाठी चूल मुद्दाम वर्गात आणावी लागली. आमच्या मुलांच्या अंगाला तर धुराचा वास लागलेलाच असतो.

मापांचेच पाहा. दशमान वजनमापे येऊन साठ वर्षे उलटली, तरी खेड्यांतील घरांत चिपटे, मापटे, शेर, पायली हे शब्द अजून ऐकू येतात, आणि कोठे कोठे कोनाड्यात ते पितळी किंवा लोखंडी माप पडलेलेही असते. एक मापटे ज्वारी तराजूत घाला, मग तेच मापटे भरून पीठ घाला, मग बेळगावचे चुरमुरे घाला. तिन्ही वेळा माप एकच, वजन मात्र तीन तऱ्हांचे. आकारमान आणि वस्तुमान यांतील भेद शिकवायला विज्ञानाच्या शिक्षकांना दोन तास लागतात. येथे तो दहा मिनिटांत होतो, आणि वर 'वाटीभर' म्हणजे किती हे पाककृती लिहिणाऱ्यांनी का सांगितले पाहिजे हेही कळते. (पाककृतींच्या पुस्तकांतील 'चवीपुरते' आणि 'अंदाजाने' या शब्दांविषयी आमची जुनी तक्रार आहे, पण ती येथे नको.) वाकळेचेही तसेच. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली वाकळ, जिला कानडी शेजारीण कौदी म्हणते, ती उलगडून वर्गात पसरावी आणि मुलांनीच तिच्यातील चौकोन, त्रिकोण, टाक्यांची अंतरे मोजावीत. शहापूर, वडगाव, खासबाग येथील विणकरांच्या घरचे मूल वर्गात असेल तर ताणा आणि बाणा त्याच्याकडूनच समजून घ्यावा. त्या तासापुरते गुरुजी ते मूल!

आता निपाणीकडे वळू. येथे हा विषय चवीचा आणि टाक्यांचा राहत नाही.

निपाणी म्हणजे तंबाखू. तंबाखूच्या वखारींत चाळणे-कुटण्याचे काम करणाऱ्या बायकांनी १९८० च्या सुमारास संघटित होऊन जो लढा दिला, त्यावर 'युगांतर' या चित्रपटगटाने १९८२ मध्ये एक छोटा माहितीपट काढला होता. त्यात त्या बायका स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगतात. वखारीइतकेच मोठे काम घराघरांतून चालत आले ते विड्या वळण्याचे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेली पाने आणि दोरा. मजुरी हजारी असते, म्हणजे हजार विड्यांवर. शाळेतून आलेली मुलगी दप्तर टाकून आईजवळ बसते आणि पाने कातरू लागते किंवा विड्यांची तोंडे दुमडू लागते. या मुलीला गृहशास्त्राच्या पुस्तकात 'कुटुंबाचे अंदाजपत्रक' हा धडा असतो. त्यात दरमहा ठराविक पगार मिळवणारे वडील असतात. उत्पन्नाचा इतका भाग अन्नावर, इतका वस्त्रांवर, इतका करमणुकीवर आणि उरलेला बचतीत टाकावा, असा उपदेश असतो. हा धडा ती पाठ करते. त्यात तिचे घर कोठेही नसते.

तोच धडा उलट टोकाने शिकवता येईल. महिन्याभरात किती हजार विड्या झाल्या? वाईट म्हणून किती बाजूला काढल्या गेल्या? पाने कमी पडली म्हणून पदरचे किती घालावे लागले? हाती काय पडले? आणि मग तो प्रश्न, जो कोणत्याच पुस्तकात नाही: आई आणि तू मिळून किती तास बसलात, आणि तासाला किती पडले? गुणाकार-भागाकार तेच, पण उत्तर कळल्यावर वर्ग काही वेळ बोलणार नाही. तेथून पुढे विडी कामगारांचा १९६६ चा कायदा, १९७६ चा कल्याणनिधीचा कायदा, ओळखपत्र कसे काढावे, त्या ओळखपत्रावर मुलांना शिष्यवृत्ती कशी मिळते, तो अर्ज कसा भरावा, हे सारे गृहशास्त्रच आहे. घर चालवण्याच्या शास्त्रात घरात येणारा पैसा का थोडा येतो हा प्रश्न बसत नसेल, तर मग ते शास्त्र कशाचे?

तंबाखू हाताळलेल्या हातांनी कणीक मळू नये, तान्ह्या मुलाला घेऊ नये, ओल्या तंबाखूच्या पानांतील विष कातडीतूनही अंगात भिनते, हेही याच तासाला सांगायचे. आणि रक्तक्षयाचेही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात लोहाचे द्रव्य उणे आढळले. म्हणजे वर्गातील दोन बाकांपैकी एकावर बसलेल्या मुली, असे म्हटले तरी चालेल. 'हिरव्या पालेभाज्या खाव्यात' हे वाक्य त्यांना तोंडपाठ असते. परंतु जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातील लोह अंगी लागत नाही, आणि पालेभाजीवर लिंबू पिळले की ते अधिक लागते, हे त्यांना ठाऊक नसते. आणि यास पैसाही पडत नाही. सबंध कुटुंब जेवल्यावर उरलेले आईने आणि मुलीने खाण्याच्या रीतीचा हिशेब या ५९ टक्क्यांत धरावा लागतो, हे बाईंनी न सांगता मुलींनाच ओळखू द्यावे. त्या ओळखतात.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे, कारण नव्या पद्धतीच्या उत्साहात तिचा विसर पडतो. मुलांच्या घरापासून सुरुवात करायची म्हणजे घराचे दार वर्गात उघडायचे. 'काल रात्री घरी काय जेवलात ते एकेकाने उभे राहून सांगा' असा प्रश्न एखाद्या उत्साही शिक्षिकेने विचारला, तर ज्याच्या घरी काल काही शिजलेच नाही त्याने काय सांगावे? कोणाच्या घरी मांस शिजते, कोणाच्या घरी कोणते, यावरून मुले एकमेकांकडे कशी पाहू लागतील? आपल्या समाजात चुलीइतकी जातीने वेढलेली दुसरी जागा नाही. म्हणून चांगल्या शिक्षिका नाव न घालता चिठ्ठ्या लिहून घेतात, किंवा पाच माणसांचे एक काल्पनिक कुटुंब साऱ्या वर्गाने मिळून उभे करतात, त्याला एक आडनाव नसलेले घर देतात, आणि आठवडी बाजारातून खरे भाव आणून त्या घराचा संसार चालवतात. मुले आपले अनुभव त्या कुटुंबाच्या नावावर जमा करतात. कोणाचेच झाकलेले उघडे पडत नाही. आमच्या मते ही युक्ती साऱ्या शिक्षणशास्त्रापेक्षा मोलाची आहे.

हे सारे प्रत्यक्षात होते का, असे वाचक विचारतील. होते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. मोठ्या कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून हा माणूस दुष्काळी खेड्यात जाऊन राहिला, तो हाताने काम करता करता शिकण्याची पद्धत बसवण्यासाठी. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळाशाळांतून राबवला गेला. आठवड्यातून एक दिवस, चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि चौथा गृह व आरोग्य. खरी मख्खी येथे आहे, की चारही विभाग मुलग्यांनाही आणि मुलींनाही. मुलगी लोखंड जोडते, मुलगा लोणचे घालून त्याचा खर्च काढतो, आणि दोघे मिळून रक्तातील हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. शिकलेली गोष्ट गावाच्या उपयोगी पडली पाहिजे, हाही त्या पद्धतीचा दंडक. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे.

पाबळ महाराष्ट्रात आहे आणि आपण सीमेच्या अलीकडे, हे खरे. आपल्या मराठी शाळांना कर्नाटकाचा अभ्यासक्रम आणि त्याचीच मराठीत छापलेली पाठ्यपुस्तके असतात. दहावीच्या मुख्य सहा विषयांत, म्हणजे तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान यांत, गृहशास्त्राला बाक नाही. त्यामुळे परीक्षा जवळ आली की हातकामाचा तास गणिताला देऊन टाकणे हा शाळांचा सर्वमान्य रिवाज झाला आहे. पण या राज्यातही वाट अगदीच बंद नाही. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये 'नली-कली', म्हणजे आनंदाने शिका, ही पद्धत जन्मली आणि पुढे कन्नड शाळांच्या पहिल्या तीन इयत्तांत राज्यभर गेली. मूल आपल्या गतीने कार्डांच्या शिडीवरून चढत जाते. आणि 'अक्षर दासोह' योजनेखाली २००२-०३ पासून शाळेच्याच आवारात रोज जेवण शिजते. एवढी मोठी प्रयोगशाळा आयती मिळाली असताना तिच्याकडे फक्त भूक भागवण्याची सोय म्हणून पाहावे, हे आम्हांला कोडे वाटते. शंभर मुलांना किती तांदूळ, किती डाळ, किती तेल, शिल्लक किती, भांडी घासायला पाणी किती, या साऱ्याचा हिशेब सातवीच्या मुलामुलींनी आठवडाभर ठेवला तर स्वयंपाक करणाऱ्या मावशींना त्रास होईल, हे कबूल. पण त्यांच्या ज्ञानाला वर्गात पहिल्यांदाच मान मिळेल.

मराठी घरांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट यात गुंतलेली आहे. १९५६ पासून आपण भाषेचा प्रश्न मोर्च्यांत, न्यायालयांत आणि फलकांवरील अक्षरांत लढत आलो. तो आपल्या जागी योग्यच आहे. परंतु मराठी शाळांतील पट घटत चालले आहेत, इंग्रजी शाळांच्या गाड्या गल्लीगल्लींतून मुले गोळा करताहेत, आणि त्या मुलांच्या तोंडून जे शब्द सर्वांत आधी गळून पडतात ते पुस्तकी नसतात, घरातले असतात. आधण, काठवट, उलथने, विरी, पापुद्रा, वाकळ. हे शब्द कोणत्याही भाषेच्या पाठ्यपुस्तकात सापडायचे नाहीत. ते फक्त कामाबरोबर शिकता येतात. गंमत अशी, की या घरगुती शब्दभांडारात आपण आणि आपले कानडी शेजारी एकमेकांचे कायमचे ऋणको आहोत. 'तूप' आणि 'शिकेकाई' आपल्याकडे कानडीच्या दारातून आले. पोळी आणि होळिगे यांचे नाते तर जिभेलाच कळते. शेंगाच्या पोळीची कृती एका मुलीने मराठीत आणि दुसरीने कानडीत सांगितली, तर त्या तासाला कोणाचीही अस्मिता दुखावणार नाही. उलट राज्याची भाषा शिकायला नाखूश असलेले मराठी मूल ती स्वयंपाकघरातून आपसूक उचलील.

आमच्या वाचककुटुंबांपैकी कित्येकांची मुले मराठी शाळांत आहेत, आणि कित्येकजण शाळांच्या मंडळांवरही आहेत. मंडळाच्या सभेत संगणकांसाठी देणगी मागितली जाते, ती जरूर द्यावी. त्याबरोबर एक चांगला तराजू, दोन परडी, एक लोखंडी तवा आणि गॅसची एक शेगडी यांचा खर्च मांडून पाहावा. तो एका संगणकाच्याही जवळ जात नाही. घरात भाकरी उत्तम करणारी सासू किंवा आजी असेल, तर तिला महिन्यातून एक तास शाळेत पाठवावे, आणि तिच्यासमोर मुलगेही बसतील अशी अट मुख्याध्यापकांना आधीच घालावी. कोनाड्यातले जुने मापटे मोडीत घालण्यापूर्वी शाळेला द्यावे. त्याची कड दुमडलेली असली तरी चालेल; ती दुमड मापामागे किती धान्य खाते, हे मुलांना तराजूवर काढता येईल.